कोपऱ्यातली माती

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघा हे अंग सध्या रजेवर आहे, सप्तांग समजून गोड मानून घे.) तुझा खोकला थांबला का? भाऊजींचा रेडिओ थांबला का? आम्ही सगळे सुखरूप आहोत. पिवळं पडलंय ते फक्त पीक, आणि ती हकिकत तिखटमीठ लावून तुझ्या कानी आली असणारच, म्हणून मूळ संहिता पाठवतो.

आपलं शेत पोत्यातल्या खतावरून शेणखत-पालापाचोळ्यावर आणायचं मी ठरवलं. त्यासाठी आधी माती तपासून घ्यावी लागते. नियम असा, की शेतभर नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घ्यायची, एकत्र कालवायची आणि त्यातली थोडी प्रयोगशाळेत पाठवायची. नियम मी वाचला, पटलाही. पण पिशवी घेऊन बांधावर उभा राहिलो आणि मन धजेना. वडिलांची जमीन पहिल्यांदाच परक्यांपुढे चाललेली. तिला अशी खडे-ढेकळांसकट कशी पाठवायची? पाहुण्यांपुढे कोणी फुटका कप ठेवतं का? म्हणून कोपऱ्यातल्या झाडाखाली, जिथे शेजाऱ्याच्या म्हशी दुपारभर रवंथ करतात (आणि रवंथावरच थांबत नाहीत), तिथली काळीभोर माती चाळून पाठवली. तुझी भावजय म्हणाली, "अहो, सगळ्या शेताची मागितलीय ना?" मी म्हणालो, "कुळाची पारख कुलदीपकावरून होते." ती म्हणाली, "मग तुमच्या कुळाचं अवघडच आहे." (यात ताई येत नाहीत, असा खुलासा तिने मागाहून केला.)

निकाल विशेष प्रावीण्यासह आला. जमिनीला काहीच कमी नाही! मी तो खतांच्या दुकानदाराला, म्हणजे आपल्या पोतेवाल्यांना, मुद्दाम दाखवून आलो, पोती बंद केली आणि शेणखतही हात राखूनच टाकलं. (ते होतं तरी कुठे? म्हशी शेजाऱ्याच्या, शेण शेजाऱ्याचं. खड्ड्यात कुजायला घातलेली धाटं तर अजून देहत्यागाला तयार नाहीत. पाणी शिंपडलं की उलट ताजीतवानी दिसतात.) मग पीक असं पिवळं पडलं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं कापणी आली. घाबरून माती तपासणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगा, माती शेतातलीच होती की कुंडीतली?" मी खरं सांगितलं. पलीकडे त्या बहुधा फोनवर हात ठेवून हसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं पोत्यांवर पोसलेली जमीन एका हंगामात सावरत नाही. तीन वर्षं धीर धरा. मधे ताग पेरा आणि फुलावर आला की नांगरून गाडून टाका, मातीत कुजून त्याचंच खत होतं."

हे ऐकून पोतेवाले म्हणाले, "पंडित, गाडायचंच तर पेरायचं कशाला?" प्रश्न तर्कशुद्ध आहे. एवढ्याशा तुकड्यात एक हंगाम मातीला जेवू घालायचा, म्हणजे घरच्यांच्या पानातलं काढून द्यायचं. शेजारी मला हसतात त्यात माझ्या मूर्खपणाचा वाटा निम्माच. बाकीची निम्मी त्यांची भीती आहे. आणि जमीन पुढच्या वर्षी आपल्या हाती असेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर तिला कोण जेवू घालील?

ऐकतो, की आजवर मीच कसत आलेला तुझा खालचा वाटा यंदापासून पोतेवाल्यांना कसायला द्यायचं भाऊजींच्या मनात आहे. निर्णय तुझा. मी याबाबत निःसंग आहे. हे पत्र केवळ तुझ्या खुशालीसाठी.

तुझा,
धाकटा

ता.क. : खालचा वाटा तीन वर्षं माझ्याकडेच ठेव. मला एकाच वर्षापुरता देऊ नकोस. त्यापेक्षा नाही म्हण.

आणखी ता.क. : पोतेवाले परवा येऊन झाडाखालची टोपलीभर माती घेऊन गेले. घरच्या गुलाबांना हवी होती. कोणाला सांगू नका म्हणाले, म्हणून फक्त तुला लिहितो.

शेवटचा ता.क. : तुझ्या वाट्यात ताग पेरून झाला आहे. कमरेइतका आलाय, पिवळ्या फुलांनी डोलतोय. तुझ्या होकारासाठी थांबलो असतो, पण फुलं थांबत नाहीत आणि धाटं एकदा निबर झाली की कुजत नाहीत, हे मी खड्ड्यात शिकलोच आहे. उद्या सकाळी नांगर घालतोय. नकार द्यायचाच असेल तर फोन करू नकोस, पत्रानेच दे.