मोरीतल्यांनो, सरका

५ मार्च
पोचलो एकदाचा पेनांगला! बोटीत दोनदा ओकलो, पण उतरल्यावर वाडगाभर शेवया हाणल्या आणि गडी ताजातवाना. घर जुनं, मोठं. पुढे बंद दुकान, मधे अंगण, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. त्याचं लॉज करायचंय. मालक ऊई, त्याला सगळे तौके म्हणतात. म्हणाला, वागिमिन, आधी झुरळं-उंदीर संपव, मग रंगाचं बघू. मोरीखालून विटांचा बंद नाला थेट रस्त्याच्या गटारात जातो, माणूस सरपटत जाईल एवढा रुंद. मी गटाराकडच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली, सिमेंट भरून. हत्ती आला तरी हलायची नाही.
मला कामाचा परवाना नाही, म्हणून तौके दाराला बाहेरून कुलूप घालतो. मोबाइल, पासपोर्ट त्याच्याकडेच. एका जागी बसायची सवय नाही मला, पण काढू थोडे दिवस.

७ मार्च
तौके सासऱ्याच्या क्रियाकर्माला थायलंडला गेला. तांदूळ, सुकी मासळी भरपूर आहे. रोज सकाळी मोरीत उकळतं पाणी ओततो. ओतायच्या आधी आईसारखं म्हणतो, माफ करा, गरम पाणी येतंय, जरा बाजूला व्हा. आमच्या जावा बेटावर असं सांगितल्याशिवाय कुणी उकळतं पाणी नाल्यात टाकत नाही. खाली कुणी राहत असेल, त्यांची पोरंबाळं भाजायची.
दाराच्या गजांबाहेर सलमाह भाताची गाडी लावते. सगळे तिला काक म्हणतात, ताईसारखं. तिला हे सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, झुरळांना अहो-जाहो, आणि माझ्याशी बोलताना जिभेला हाड नाही होय रे जावावाल्या? भातावर एक अंडं जास्त ठेवलं मात्र.

९ मार्च
उकळत्या पाण्याचं औषध लागू पडलं. झुरळं वर आली, मग गोमा, मग उंदीर. पण पळत नाहीत. भिंतीकडेला ओळीने बसून राहतात, मधली वाट मोकळी ठेवून. पाहुण्यांसारखी. झाडूने सगळी झोडपली. एकानेही चावा घेतला नाही.

१० मार्च
आज पाणी ओतल्यावर काहीच वर आलं नाही.
दुपारी पुढच्या खोलीत भिंतीवर ओला डाग दिसला. पाठ टेकून माणूस बसला तर उमटेल तसा. खाली लादीवर बुडाचा, त्यापुढे टाचांचा. फडक्याने पुसायला गेलो तर हात भाजला.

११ मार्च
शेजारी आणखी दोन. एक लहान आहे.
पाणी ओतणं बंद केलं. काक सलमाहला सांगितलं. आज ती हसली नाही. म्हणाली, तुमच्याकडे नाला उघड्यावर, सरकायला शेत आहे. इथे बिचारे कुठे सरकणार? जाळी तूच ठोकलीस ना? मग तुझ्याच घरात येणार की!
कुलूप तोड म्हटलं. तिची गाडी तौकेच्या जागेत आहे, ती घाबरली. पण म्हणाली, रडू नकोस दिक, धाकटा भाऊ ना तू माझा, जाळी तोडते, नवऱ्याची छिन्नी आहे.
रडत नव्हतो मी.

१२ मार्च
जाळी तुटली. मी मोरीपाशी वाकून सांगितलं, वाट मोकळी झाली, चुकलो, आता जा.
कुणी गेलं नाही. उलट पुढची खोली भरली. जिनाही— पायरी-पायरीवर.

१३ मार्च
पोलिसांनी पकडलं तरी चालेल, ओरडायचंच, म्हणून दाराकडे निघालो. कोरडी जागा बघून पाय टाकला. लादी नव्हती. मांडी होती. मऊ, कढत— पाय आवरून घ्यायला बघत होती, पण तिला सरकायला जागाच नव्हती—
मागे स्वयंपाकघरात आलो. तळवा सोलवटलाय. इथून ओरडलं तर आवाज बाहेर जात नाही. अंगणही भरलं.

१४ मार्च
स्वयंपाकघर भरलं. माझ्यापासून मोरीपर्यंत तेवढी एक पट्टी कोरडी. दोन्ही बाजूंनी पाय आखडून बसलेत. आदबीने. मोरीतली नाल्यावरची फरशी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलीय.
मी जावं असं त्यांना—

नाल्यातून आवाज येतोय. काक सलमाहच! गटारात उतरलीय. उजेड दिसतोय तिकडचा. म्हणते, ये रे, घाबरू नकोस, मी आहे. जातो. हे लिहून झालं की डोकं घालतो आत—
थांब म्हटलं तिला. ऐकत नाही. म्हणते, आलास की! धरला तुझा हात, ओढते आता. म्हणते, केवढा तापलायस रे, ताप आलाय का—
काक, सोड
माझा हात तर अजून