थर दुप्पट, वेळ चौपट

१४ नोव्हेंबर, जेवणाची सुट्टी

ती. बाबांना थोरलीचा नमस्कार.

एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाहीये, म्हणून त्यानंच सुरुवात करते. काल धाकटी विज्ञानाचा अभ्यास करता करता म्हणाली, अत्तराची कुपी उघडली की वास लगेच घरभर होतो, पाण्यात शाईचा थेंब रमतगमत पसरतो, आणि तुमच्या भट्टीत पोलादात कार्बन शिरायला तासन्‌तास लागतात. असं का? मी सांगितलं, वायूत कण मोकळे असतात, द्रवात खेटून पण सरकते, स्थायूत आपापल्या जागी घट्ट. त्यांच्या फटींतून वाट काढायची, तर पोलाद लालबुंद तापवावं लागतं, आणि तरी वेळ लागतोच.

"आणि बाबांचं बोलणं तुझ्या डोक्यात शिरायला किती वेळ लागतो गं, ताई?"

याला काय सांगू?

गुडघे कसे आहेत? आत्या शेक देते ना? आई बरी आहे, पण जेवताना तुमचं ताट घेते आणि परत ठेवते.

कारखान्यात लिफ्टच्या गिअरांचं काम बिघडलं. म्हणजे, मी बिघडवलं. कार्बन शिरून चार तासांत एक मिलिमीटर कडक थर येतो, तर दोनसाठी आठ तास, असा हिशेब मी लावला. भट्टीवरचं काम थांबवून तुम्ही म्हणालात, "सोळा लागतील, पोरी. थर जाड होतो तशी पुढची वाट लांबत जाते." हेच माझ्या पुस्तकात होतं, बाबा. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तरी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "गणित मी शिकलेय. तुम्ही पेट्यांची झाकणं लिंपा."

गिअर कोळशाच्या भुकटीत पुरलेल्या त्या पेट्यांची झाकणं तुम्ही मातीनं लिंपलीत. नीट, नेहमीसारखी. आणि दोन दिवसांनी गुडघ्यांचं कारण सांगून आत्याकडे गेलात. मीही ते कारण खरं मानून घेतलं, कारण तेच सोयीचं होतं.

सोमवारी गिअरांसोबत भट्टीत ठेवलेला नमुन्याचा तुकडा कापला. थर भरला एक पूर्णांक चार मिलिमीटर. गिअर गाडीत चढवायला काढलेले. मालक म्हणाले, "मॅडम, चाक कापून कोण बघतंय? लिहा दोन आणि करा सही." सही केली असती तर नोकरी बिनघोर होती. पण घासून थर उडाला की दाते जातात, आणि त्या लिफ्टमध्ये माणसं असणार.

तपासणीच्या कागदावर मी एक पूर्णांक चार लिहिलं, सही केली आणि कागद स्वतः गिऱ्हाइकाकडे पाठवला. माल उशिरा येईल, असंही कळवलं. मालक दोन दिवस बोलत नाहीयेत. नोकरीचं काय होईल, माहीत नाही.

आज सकाळी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. म्हटलं, "बाबांनी सोळा सांगितले होते. चूक माझी, आणि त्यांना बोलले तीही माझीच." कुणी हसलं नाही. फक्त भट्टीवरच्या तुमच्या जोडीदारानं विचारलं, "मॅडम, मग झाकणं कोण लिंपणार?"

चाळीसही गिअर कोळशाच्या भुकटीत पुन्हा पुरले. झाकणं मी लिंपली. दोनदा भेगा पडल्या, तिसऱ्यांदा जमली. सोळातले उरलेले आठ तास भरायला भट्टी नऊला पेटवली आहे.

त्या कागदावर खरं ते लिहून सही केली, तशीच इथेही करते.

तुमची,
थोरली