रीनाच्या खुर्चीवरचा उजेड

२ मे २००२
आज सकाळी माझं आयुष्य बदललं. ठिकाण: मांगीलाल शेठचं कापडाचं दुकान, जुन्नर. मी बनियन घ्यायला गेलो होतो. डोक्यावरची ट्यूब फडफडत होती. शेठची मुलगी रीना म्हणाली, या ट्यूबनं डोकं दुखतं. दुकानात गिऱ्हाईक मी एकटाच. म्हणजे मलाच म्हणाली.
संकल्प: हे घर मी उजळणार. सुरुवात वरच्या हॉलपासून, कारण रीना वर राहते.

३ मे
शेठना भेटलो. पुण्यात इंटिरियर डिझाइनला होतो असं सांगितलं. त्यांनी विचारलं, अर्ध्यात का सोडलं? म्हटलं, कॉलेजला लेव्हल नव्हती. खरं म्हणजे प्रकाशयोजनेच्या सरांनी माझ्या ड्रॉइंगला केशकर्तनालय म्हटलं आणि मी त्यांचा टेबल लॅम्प खिडकीबाहेर टाकला. याला राग म्हणत नाहीत, भूमिका म्हणतात.
शेठ म्हणाले, हॉल तसाही नीट करायचाच आहे, घरात कार्य निघेल. कसलं कार्य ते मी विचारलं नाही. क्लायंटच्या खासगी गोष्टीत पडू नये.

९ मे
शेठ, रीनाची आई सूरजबाई आणि रीना, तिघांना बसवून प्रकाशाचा इतिहास सांगितला. आधी चूल. मग पणती, समई, कंदील, गॅसबत्ती. मग पिवळा बल्ब. आणि मग माणसाच्या हातून झालेली घोडचूक, म्हणजे ट्यूब. ट्यूबखाली जिवंत माणूसही पंचनाम्याला आणल्यासारखा दिसतो. हे वाक्य माझं. उजेड दिसावा, दिवा दिसू नये, हे सरांचं, पण त्यांना ते शोभत नव्हतं.
शेठ गॅसबत्तीपाशी झोपले. सूरजबाईंनी विचारलं, दिवा दिसणार नाही तर पुसायचा कसा? रीना हसली. मुलीला विषयाची गोडी आहे.

२० मे
काम सुरू. पीओपीचं छत, कडेनं लपवलेले दिवे, हॅलोजनचे स्पॉट, उजेड कमीजास्त करायला डिमर. वायरमन तालिब, इथलाच. हात बरा, तोंड वाईट. विचारतो, राव, एवढे दिवे कुणाला बघायला? म्हटलं, तुला कळायला जन्म जाईल. तर म्हणे, मला नाय कळलं तरी चालंल, शेठच्या पोरीला कळंल का? त्याच्याशी बोलणं बंद केलं. दुपारी फ्यूज उडाला म्हणून चालू केलं.
गावाहून, निमगाव साव्याहून, आमच्या आबांचा निरोप: पोरगं काय दिवे लावतंय ते बघायला येऊ का? हा विनोद गावात प्रत्येकाचा करून झालाय.

१ जून
अंधार पडल्यावर रीनासाठी भेळ घेऊन गेलो. नको म्हणाली. आग्रह केला तर म्हणाली, आम्ही या वेळी खात नाही. फिगर सांभाळते आहे. कुणासाठी, ते उघड आहे. भेळ तालिबनं खाल्ली.

१६ जून
आज सगळे दिवे पहिल्यांदा लावले. माझ्याच अंगावर काटा आला. मग किडे आले. खिडकीतून, गच्चीवरून, बहुतेक सगळ्या तालुक्यातून. हॅलोजनवर बसले, चरचरले, सतरंजीवर पडले. सूरजबाई मटकन खाली बसल्या.
"अरे, जीव जळतायत. बंद कर आधी. आमच्यात लई पाप हाय हे."
म्हटलं, जाळी बसवतो. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात हे लावायचंच नाही. म्हणजे पावसाळा संपला की कायम लावायचं. सासूबाईंचा पाठिंबा मिळाला असं समजायला हरकत नाही.

२८ जून
रीनानं आपणहून विचारलं. कुठं बसलं की चेहरा चांगला दिसतो? आवाज एकदम हळू. मी तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि स्पॉट भिंतीकडे वळवला. उजेड भिंतीवर पडून तिथून तिच्या गालावर आला. ती हातातल्या आरशात बघत राहिली. म्हणाली, मागच्या वेळी ट्यूबखाली मी किती काळी दिसले. मागची वेळ म्हणजे कोणती, हे विचारायचं राहिलं. मी स्पॉट अजून दोन बोटं वळवत होतो.

३० जून
तालिबनं सांगितलं. पुढच्या रविवारी संगमनेरचा मुलगा तिला बघायला येतोय. आधीची दोन स्थळं नकार देऊन गेलीत. अख्ख्या बाजारपेठेला माहीत होतं.
"राव, तुमी तिच्या सासरच्यांसाठी मखर करताय."
पक्कड फेकून मारली. त्याला लागली नाही. नव्या छताचा टवका उडाला.

१ जुलै
शांत डोक्यानं विचार केला. ही तर संधी आहे. रीनाच्या खुर्चीवर मऊ उजेड. मुलाच्या खुर्चीवर बरोबर टाळूवरून उघडा हॅलोजन. डोळ्यांच्या खाचा, नाकाची सावली ओठांवर, असेल ते टक्कल. तालिबला बसवून ट्रायल घेतली. भुरट्या चोरासारखा दिसला. रीना मुलाकडे बघेल, शहारेल, आणि मग स्विचबोर्डकडे बघेल. तिथे मी.
सूरजबाईंना सांगितलं, रविवारी संध्याकाळी दिवे मी स्वतः सांभाळतो, खिडक्या लावून घेऊ, एकही किडा येणार नाही. त्या म्हणाल्या, कशाला त्रास घेतोस, दिवसाउजेडी उरकेल सगळं. माझ्या वेळेची किती काळजी.

७ जुलै, रविवार
नवा शर्ट. तयारीला वेळ हवा म्हणून साडेपाचलाच पोचलो. पाहुणे जेवून हात धूत होते. शेठना विचारलं, एवढ्यात जेवलेसुद्धा? शेठ म्हणाले, सूर्य मावळला की आमच्यात जेवत नाहीत, दोन महिने घरात वावरतोस आणि एवढंही कळलं नाही?
बघण्याचा कार्यक्रम जेवणाआधीच झाला होता. रीना खिडकीत बसली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाहुण्यांच्या पिशव्या. जुलैत असं ऊन पडत नाही, आज पडलं होतं, आणि सगळं तिच्यावर. मुलगा गच्चीच्या दाराशी उभा. दिसायला चांगला आहे. हे लिहायला नको होतं.
डोकं फिरलं. सगळी बटणं एकदम दाबली. छत, भिंत, हॅलोजन, डिमर फुल. काहीही झालं नाही. उन्हात दिवे कुणाला दिसतात? मुलाच्या आईच्या तेवढं लक्षात आलं. म्हणाली, भाऊ, लाइट कशाला जाळता? शेठनी ओळख करून दिली, हा आमचा लाइटवाला. मी एकेक बटण बंद केलं.
होकार तिथेच झाला. सूरजबाईंनी गूळ वाटला. मलाही दिला. खाल्ला.
मग कुणीतरी म्हणालं, पोरांना जरा बोलू द्या. मोठी माणसं जिन्यानं खाली दुकानात गेली. मी स्विचबोर्डपाशी थांबलो. वाटलं, आता ती माझ्याशी बोलेल. बोललीच.
"भिकाभाऊ, आम्हाला बोलायचंय. जाताना तेवढं दार ओढून घ्या."
मुलगा माझ्याकडे बघून हसला. चांगलं हसला.
बाहेर आलो. दार ओढलं. पावसानं लाकूड फुगलंय, चौकटीत अडकतं. खांदा लावून बंद केलं.