फत्तेगजावरचा माणूस

सौंसर, ८ सप्टेंबर २०२५

ती. गुणवंतादादास,
इंदूचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की बाबा दाराशी येऊन ऐकतात, म्हणून लिहिते. मी थकले रे. दिवसभर एकच विचारतात, की हत्ती कवा येऊन राहिला. चित्र नागपूरला दुरुस्तीला देऊन तू पांढुर्ण्यात निवांत, उत्तरं मात्र मी देते. चित्रातल्या फत्तेगज हत्तीवर बसलेला माहूत आपला पूर्वज, म्हणून दर दसऱ्याला बाबा त्याच्या कपाळी कुंकू लावतात. यंदा तरी लावू दे. पुढच्या दसऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

वहिनीला नमस्कार. माया आटू देऊ नकोस.
तुझी इंदू

पांढुर्णा, १६ सप्टेंबर २०२५

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

माझा निवांतपणा वाचून तुझी वहिनी खूप हसली. कपाशीत फवारणी करून पाठ धरली आहे.

दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी कुंकवाचा थर काढला. हत्ती, झूल, घंटा, सगळं लखलखीत निघालं. माहुताला मात्र चेहराच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओली बोटं टेकवली, रंग त्यातच गेला. दरबारी चित्रात वर हत्तीचं नाव लिहायची रीत, तसं 'फत्तेगज' सोनेरी अक्षरांत आहे. आपल्या माणसाचं नाव नव्हतंच. चेहरा होता, तो आपणच पुसला. मला फार वाईट वाटलं.

एक चित्रकार बाबांच्या फोटोवरून नवा चेहरा काढून द्यायला तयार आहे. बाई नको म्हणतात. बाबांना कळणारही नाही, वरून कुंकूच लागणार. पण चित्र दसऱ्यानंतरच मिळेल. काय करू ते तू ठरव.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
तुझा दादा

सौंसर, ३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला ठरवता येईना, म्हणून बाबांनाच सगळं सांगितलं. ते म्हणाले की तोंड तर म्याबी कधी पाह्यलं नाही, माह्या लहानपणीबी तिथं कुंकूच होतं. हत्ती त्याच्याखाली शांत उभा हाय ना, मंग त्यानं वळखलं माणसाले. आता माहं तोंड तिथं कायले लावता.

तेव्हा चेहरा काढू नकोस.

काल दसऱ्याला त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याखाली, अंदाजानं, कुंकवाचं बोट टेकवलं. ओघळ खाली आला. मी पुसला नाही.

कालपासून हत्ती कधी येणार हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. इतके दिवस त्या प्रश्नाला कंटाळले होते, आता घर फार शांत वाटतं. चित्र मिळेल त्या दिवशीच्या बसनं ये.

लोभ आहेच, तो घेऊनच ये.
तुझी इंदू