डमीची कारकीर्द

२७ डिसेंबर, दुपार
मी बोलते, मोबाईल लिहितो. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित. काल सुनेनं, निशिगंधानं, एक व्हिडिओ दाखवला. पॅसिफिक महासागरात एक बेट. तिथली एक बाई बाजारात मासळी विकायची, आज मंत्री आहे. अख्खा देश म्हणे आपल्या काळेवाडीत मावेल. ठरलं. आधी नगरसेवक, मग मंत्री. आपल्याला समुद्र नाही, पण पवना नदी आहे.

३० डिसेंबर
संधी दारात. आमच्या भागातले पुढारी ज्योतीराम भाऊ, त्यांची बायको दिपाली पालिकेला महिला जागेवर उभी आहे. तिचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून डमी अर्ज भरतात, तो माझा. माझा मुलगा रविराज चाकणला भाऊंच्याच ठेक्यावर कामाला आहे, पण त्याचा काही संबंध नाही. त्यांना माझ्यातला नेता दिसला. अंगठा दोनदा उमटवावा लागला. थंडी फार.

३१ डिसेंबर
दिपालीचा अर्ज मंजूर. भाऊंचा निरोप : परवा अर्ज मागे घ्या. म्हणजे कारकीर्द आटोपली. बेटावरच्या बाईचं सरकारही एकदा आठवड्यात पडलं होतं म्हणे. मोठ्या माणसांचं असंच.

२ जानेवारी, संध्याकाळ
भाऊंच्या माणसानं निवडणूक कचेरीच्या गेटवर सोडलं आणि दुसरी डमी आणायला पळाला. आत पोलीस. माझ्यापुढच्या बाईला साहेब विचारत होते, कुणाचा दबाव आहे का? आता यावर काय सांगायचं? नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर रविराज घरी. मी परिस्थितीचा शांतपणे अभ्यास केला आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. तोवर वेळ संपली, दार लागलं. भाऊंच्या माणसाला सांगितलं, घेतला मागे. घाबरून नाही. डावपेच.

३ जानेवारी
निशिगंधानं उमेदवारांची यादी वाचून दाखवली. मी अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन. सकाळपासून पांघरूण घेऊन पडलेय. रस बाधला.

८ जानेवारी
भाऊंची प्रचाराची गाडी गल्लीत शिरली की मी मोरीत. कपडे फार साचलेत. निशिगंधा म्हणते, भाऊंना खरं सांगून टाका, फार तर ओरडतील. तिला काय कळतंय राजकारण. माझं नियोजन पक्कं आहे : कुणाला सांगायचं नाही, एकही मत पडू द्यायचं नाही. रविराजला यातलं काही माहीत नाही. त्याच्या हातात डबा देताना मान वर होत नाही. मानेचं जुनं दुखणं.

१५ जानेवारी
मतदान. दिपालीचंच बटन दाबायचं, घोकतच गेले. पाहते तर सगळ्यात खाली माझं मशीन, एकटंच. बोट घसरलं.

१६ जानेवारी
दिपाली पडली. जितक्या मतांनी पडली त्याहून जास्त माझ्या मशीनला. आमच्या भागात घरोघरी ब्लाउज शिवतात. बायकांनी ओळखीचं चित्र पाहिलं आणि दाबलं. ताट तसंच परत केलं. उपवास धरलाय.

१८ जानेवारी
भाऊंनी बोलावलं. रविराज म्हणाला मीही येतो, मी म्हटलं नको. पळावं लागलं तर बरं म्हणून जुन्याच चपला घातल्या. दिपालीनं चहा दिला. भाऊंनी निकालाची यादी पुढ्यात आपटली.
"रविराजची आई, तुम्हाला सगळी गल्ली माहीत. ही कुसुम शिंदे कोण बया? सापडू दे, तिच्या घरातलं एक माणूस कामावर ठेवणार नाही."
डमींचे अंगठे तेवढे घेतलेले, नावं कोण वाचतंय. आणि शिंदे तर गल्लीत ढिगानं.
मी म्हटलं, "असेल कुणी भिकारडी. असल्या बाईच्या तोंडाला काळं फासलं पाहिजे." आणखीही चार शिव्या घातल्या. दिपालीनं बिस्किटं पुढं केली.
घरी येऊन निशिगंधाला बजावलं, यापुढे चारचौघांत मला कुसुमताई म्हणून हाक मारायची नाही, कुणाला मारू द्यायची नाही.
ती म्हणाली, "आई, त्या नावानं तुम्हाला हाक मारतंय कोण?"