न्हाणीघराची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, प्रयोगशाळेतून निवृत्त, विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. अक्षर वाकडे आले ते आजाराने. मन ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे.

१. राहते घर मुलाला आणि सुनेला समान वाट्याने मिळावे. धाकट्या भावाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. जन्मभर त्याने मला 'मासेवाली' म्हणून हिणवले. आता मासेवालीच्या घरावर डोळा ठेवू नये.

२. सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या टाक्या माझ्या जुन्या मदतनीस बाईंना. माशांची पांढरी पडलेली अंडी रोज सकाळी वेचावी लागतात, नाहीतर चांगलीही नासतात, हे त्यांना सांगायला नको. विभागप्रमुखांना काहीही नाही. माझ्या शोधनिबंधावर त्यांनी आपले नाव आधी घातले, त्यातच समाधान मानावे.

३. सूनबाई, हे कलम तुझे. तुला दिवस गेले आणि मी माझ्या न्हाणीघराला कुलूप लावले. माझे कपडे धुवायला घेतलेस, ते हातातून हिसकावले. "आईंना मी डोळ्यांसमोर नकोय का रे?" असे तू मुलाला विचारलेस, ते मी ऐकले. मग तू माहेरी गेलीस.

कर्करोगावरचे जे औषध मला देत होते, तेच मी वर्षानुवर्षे माशांच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यांच्या पाण्यात घातले. भिंगाखाली इवला कणा वाकडा होताना, हृदय सुजताना पाहिले. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत आले. पण ते औषध लघवीतून, घामातून बाहेर पडते, आणि पहिले मूल तू आधीच गमावले होतेस. खरे सांगितले असते, तर आजवर कशाकशाला हात लागला ते आठवत तू झुरली असतीस. त्यापेक्षा खाष्ट सासू परवडली.

४. औषधाचा आता उपयोग नाही, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवले. ते शरीरातून जायला जितके दिवस लागतात, त्याहून जास्त मी जाऊ दिले. मुलाने न्हाणीघर घासून घेतले आहे. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. याची एक प्रत मात्र वकिलांनी आजच सूनबाईच्या हातात द्यावी. मी फार थकले आहे. बाळ हलते तेव्हा पोटावर एकदा हात ठेवायचा आहे. तेवढ्यासाठी ये.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), घरी येणाऱ्या नर्सबाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

दिनांक: औषध थांबल्यानंतरचा तिसरा सोमवार

लिहून देणार: तुझी सासू (सही)

सोबत: किल्ली एक. कुलूप काढले आहे.