पितरांच्या पानावरची बिडी

बाबा, मी सिगारेट सोडली. सात महिने झाले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सात महिन्यांत केळ पन घड धरत नाय, लगेच कसली फुशारकी?" मारू द्या की. छप्पन्न वर्षांच्या माणसाला फुशारकी मारायला अशी कितीशी निमित्तं मिळतात? सातिवलीतल्या माझ्या युनिटच्या दारात चहानंतर धूर काढत उभा राहायचो, तिथे आता नुसताच उभा राहतो. मशीनवरची माणसं विचारतात, "शेठ, आज पण नाही?" आज पण नाही.

संमोहनाने सोडली म्हटलं की लोक हसतात. मीही हसलो होतो. बायकोने जवळजवळ ओढतच वसई स्टेशनजवळच्या त्या मॅडमकडे नेलं. मला वाटलं होतं, काहीतरी डोळ्यांसमोर हलवतील, मी झोपेन आणि उठेन तो व्यसनमुक्त. तसलं काही नाही. त्यांनी खुर्ची मागे झुकवली, खांदे सैल सोडायला लावले, सावकाश श्वास मोजायला लावले. खालच्या रिक्षांचे हॉर्न मला शेवटपर्यंत ऐकू येत होते. मग त्यांनी विचारलं, पहिली कधी ओढलीत? उत्तर पाठ होतं: सोळाव्या वर्षी, राजोडीच्या किनाऱ्यावर, मित्रांबरोबर. पण मिटल्या डोळ्यांपुढे राजोडी आलीच नाही, आली ती भुईगावची आपली वाडी. मी सात-आठ वर्षांचा आहे. तुम्ही बावखलाच्या तळ्यातलं पाणी केळींच्या आळ्यांत वळवताय, कोपरापर्यंत चिखल, आणि तिथूनच ओरडताय, "पेटवून आन रे एक!" मी चुलीवर बिडी पेटवतो, विझू नये म्हणून झुरके मारत धावत येतो आणि तुमच्या तोंडात देतो. तुम्ही डोळे मिटून धूर घेता. तेवढ्यापुरता मी तुमच्या कामाचा असतो. त्या खुर्चीत पडल्यापडल्या मी ढसाढसा रडलो, बाबा. घरी आल्यावर बायकोची एकच चौकशी, "माझ्याबद्दल काही बोललात का त्यात?"

सोळाव्या वर्षी तुम्ही मला गोठ्यामागे पकडलंत आणि "कोनी शिकवलं तुला ह्ये?" म्हणत कानाखाली वाजवलीत. उत्तर जिभेवर होतं, दिलं नाही. आज देतो. तुम्हीच शिकवलंत. राग नाही, म्हणजे थोडासा आहे. तुम्ही खोकून खोकून गेलात आणि स्मशानातून परतल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली, तर एक पेटवली.

तेव्हापासून दर सर्वपित्रीला तुमच्या पानाच्या कडेला बिडी असते. पेटती. पेटवायचा मान थोरल्या मुलाचा, आणि तोंडाला लावल्याशिवाय बिडी पेटते थोडीच! याआधी दोनदा मी सोडली होती, दोन्ही वेळा तुमच्या पानानेच घात केला. एक झुरका तुमच्यासाठी घेतला आणि संध्याकाळपर्यंत अख्खं पाकीट संपवलं. पुढच्या खेपेला मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वडील ठेवा, बिडी सोडा." म्हणायला काय जातं?

परवा सर्वपित्री झाली. आत्याने, तुमच्या धाकट्या बहिणीने, पानावर बिडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आत्या, मी नाही पेटवणार."

"दादा उपाशी जायेल रे माझा!"

परसात पान ठेवलं. कावळा कौलावर येऊन बसला, पण खाली काही उतरेना. सगळं घर दारात ताटकळलेलं, पोटात कावळे ओरडतायत ते वेगळेच. शेवटी आत्याने हात जोडले, "शिव रे दादा, पेटवतो तो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तल्लफ आली की करायला मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी अंगठा आणि बोट जुळवून धरलं, पोटभर श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणालो, "बाबा, नाही पेटवणार. वडा खा आणि सुखाने जा." बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो उतरला आणि वडा घेऊन गेला. "पयल्यापासून वड्याचाच हावरा," म्हणत आत्या पदराने डोळे पुसू लागली. मला इतका अभिमान वाटला, बाबा, की जेवण नीट गेलं नाही. तुमच्या थपडेने जे झालं नव्हतं ते मी माझं मी केलं होतं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते ठीकच आहे, पण ते बायकोच्याही हाती लागता कामा नये. ती आळीभर सांगत फिरतेय, कावळा दिवसभर आला नसता तरी यांनी पेटवली नसती. मी मान डोलावतो. अंगठा आणि बोट जुळवलं होतं ते उजव्या हाताचं. डावा हात खिशात होता, आगपेटीवर.